पाण्यात उतरणारे जहाज, बाजारात उतरणारी हळद

वाचकांचे प्रश्न : इंग्रजी शब्दांची विचारपूस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या माणसांची असूनही एकाच शब्दाभोवती फिरत होती, म्हणून या वेळचे सदर मी त्या एका शब्दाला, म्हणजे ‘लाँच’ला आणि त्याच्या भावकीतल्या शब्दांना दिले आहे. पत्रे लांब होती. त्यांतला प्रश्नापुरता भाग येथे घेतला आहे.

प्रश्न : समुद्रपूर तालुक्यातील (जि. वर्धा) एका महिला बचत गटाच्या सचिव

आम्ही बारा जणी मिळून वायगाव हळदीची भुकटी पाकिटबंद करून विकतो. पहिल्या पाकिटाच्या कार्यक्रमाची पत्रिका तालुक्याच्या गावी छापून घेतली. तीत इंग्रजीत ‘प्रॉडक्ट लाँच’ असे हवे होते, ते ‘प्रॉडक्ट लंच’ असे छापून आले. कार्यक्रमाची वेळ दुपारी बाराची होती. शेजारच्या गावांतून माणसे जेवण समजून आली. जाताना एक म्हातारी म्हणाली, “जेवाले बलावलं अन् हळदीची पुडी दाखोली.” आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटले. आता मिरचीची भुकटी काढत आहोत. पत्रिकेत नेमका कोणता शब्द घालावा? काही जणी ‘इनॉगरेशन’ म्हणतात, काही ‘रिलीज’, काही ‘ओपनिंग’.

उत्तर

चूक एका अक्षराची आहे. जेवणाच्या ‘लंच’मध्ये एलनंतर थेट यू येतो, तर ‘लाँच’मध्ये एलनंतर आधी ए आणि मग यू येतो. उच्चारही वेगळे आहेत. ‘लंच’मधला स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा, तर ‘लाँच’मधला स्वर ‘डॉक्टर’ आणि ‘ऑफिस’ या शब्दांतल्या पहिल्या स्वरासारखा आहे. देवनागरीत लिहितानाही थोडी काळजी घ्यावी लागते. ‘लाँच’वर जे चिन्ह दिसते ते हिंदीतल्या चंद्रबिंदूसारखे दिसले तरी मराठीत ते ‘डॉक्टर’मधला अर्धचंद्र आणि त्यावरचा अनुस्वार असे दोन मिळून झालेले आहे. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या हातून अर्धचंद्र गळला, की ‘लांच’ उरते आणि वाचणारा अडखळतो. म्हणून छपाईला देण्याआधी पत्रिकेची कच्ची प्रत दोघींनी, एकीने मोठ्याने आणि दुसरीने बोट ठेवून, वाचावी.

आता शब्दांकडे येऊ. एखादी नवी वस्तू गिऱ्हाइकापुढे पहिल्यांदा आणणे आणि तिची विक्री सुरू करणे यासाठी ‘लाँच’ हा शब्द अगदी योग्य आहे. आपल्याकडे ‘लाँचिंग’ असे म्हणायची सवय पडली आहे, पण वस्तूच्या बाबतीत नाम म्हणून नुसते ‘लाँच’ पुरते. ‘लाँच ऑफ अवर चिली पावडर’ एवढे लिहिले तरी पत्रिकेची ओळ पुरेशी आणि शुद्ध होते.

‘इनॉगरेशन’ येथे चालणार नाही. इमारत, दुकान, प्रदर्शन, पूल, परिषद अशा गोष्टींचे इनॉगरेशन होते, पाकिटाचे होत नाही. उद्या तुमच्या गटाने कांडप यंत्राची खोली बांधली, तर त्या खोलीचे मात्र इनॉगरेशन होईल. या शब्दाची जन्मकथा मला फार आवडते. प्राचीन रोममध्ये ‘ऑगर’ नावाचे पुरोहित असत. कोणतेही सार्वजनिक काम हाती घेण्याआधी ते आकाशात उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहून शकुन सांगत आणि शकुन अनुकूल निघाला की कामाला हात लागे. त्या शकुन पाहण्यासाठीच्या लॅटिन क्रियापदातून आजचे ‘इनॉगरेट’ आले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातल्या धान्यांची स्थिती पाहतात आणि पेरणीच्या हंगामाबद्दल भाकीत सांगतात. ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शब्दाचा मूळ भाव समजावून सांगावा लागत नाही. आपला ‘उद्घाटन’ हा शब्द मात्र शकुनाकडे जात नाही. त्याचा अर्थ सरळ ‘उघडणे’ असा आहे, म्हणून तो दुकानाला आणि सभागृहाला इतका चपखल बसतो. ‘ओपनिंग’लाही तीच मर्यादा आहे. पाकीट उघडते, पण त्याचे ‘ओपनिंग’ झाले असे कोणी म्हणत नाही.

‘रिलीज’ म्हणजे जे आतापर्यंत धरून ठेवले होते ते सोडणे. अप्पर वर्धा धरणाची दारे उघडली की इंग्रजी बातमीत पाणी ‘रिलीज’ केल्याचे लिहितात, तुरुंगातून सुटलेला माणूस ‘रिलीज’ होतो, आणि तयार होऊन डब्यात पडून असलेला चित्रपट ठरलेल्या शुक्रवारी ‘रिलीज’ होतो. पुस्तक, गाणे, अहवाल यांनाही हा शब्द चालतो. मसाल्याच्या भुकटीला तो जोडला तर वाचणाऱ्याला अर्थ कळेल, पण कानाला खटकेल.

आणखी एक शब्द तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या उपयोगाचा आहे. तो म्हणजे ‘अनव्हेल’. ‘व्हेल’ म्हणजे चेहऱ्यावरचा पडदा. तो बाजूला करणे म्हणजे ‘अनव्हेल’. आपले ‘अनावरण’ तेच सांगते. या शब्दात फक्त दाखवणे आहे, विकणे नाही. टाटांच्या नॅनो मोटारीचे उदाहरण घ्या. ती १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात लोकांना दाखवण्यात आली, तेव्हा ती ‘अनव्हेल’ झाली. बाजारासाठी ती मुंबईत २३ मार्च २००९ रोजी ‘लाँच’ झाली. आणि पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली पडली ती १७ जुलै २००९ रोजी; त्या दिवसाला ‘डिलिव्हरी’ म्हणायचे. एकाच गाडीच्या बाबतीत हे तीन दिवस आणि तीन शब्द आहेत, आणि वर्तमानपत्रांतून ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. तुम्ही जर दसऱ्याला पाकीट नुसते दाखवणार असाल आणि विक्री दिवाळीपासून करणार असाल, तर दसऱ्याच्या पत्रिकेत ‘लाँच’ लिहू नका, कारण लोक पैसे घेऊन येतील आणि तुमच्याकडे देण्यासारखे काही नसेल.

एक आग्रह मात्र मी मनापासून करतो. पाहुणे समुद्रपूर आणि हिंगणघाटचे असतील, तर पत्रिका मराठीतच छापा. ‘आमच्या मिरची भुकटीच्या पहिल्या विक्रीचा शुभारंभ’ या ओळीत काहीही कमी नाही, आणि एक अक्षर चुकले तरी तिचा अर्थ जेवणावर जाणार नाही. इंग्रजी पाकिटावर ठेवा, कारण पाकीट पुण्या-मुंबईला आणि त्याच्याही पलीकडे जाईल. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे बाहेरचा ग्राहक ते नाव वाचूनच पाकीट हातात घेतो. आणि त्या म्हातारीला या वेळी आठवणीने बोलावणे पाठवा.

प्रश्न : दिग्रस (जि. यवतमाळ) येथून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी

आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका कधी ‘लाँच’ झाली, याचे उत्तर माझ्याकडच्या तीन पुस्तकांत तीन प्रकारे दिले आहे. एकात २०११, दुसऱ्यात २०१३, तर तिसऱ्यात २०२२ असे वर्ष आहे. कोणते खरे?

उत्तर

तिन्ही वर्षे खरी आहेत, पण ती तीन वेगळ्या घटनांची आहेत. ‘लाँच’चे वर्ष त्यांपैकी एकच आहे, ते म्हणजे २०१३. जहाजाच्या जन्मात जितक्या पायऱ्या आहेत तितके इंग्रजीत शब्द आहेत, आणि पुस्तक लिहिणाऱ्याने त्या पायऱ्या एकत्र केल्या की असा घोळ होतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी जरा सविस्तर देतो.

‘लाँच’ हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याचे मूळ भाल्यासाठीच्या लॅटिन शब्दात आहे. इंग्रजीत भाल्याला आजही ‘लान्स’ म्हणतात. भाला जसा हातातून जोराने सुटतो, तसे सोडणे हा ‘लाँच’चा मूळ भाव आहे. त्यामुळे हल्ला ‘लाँच’ होतो आणि रॉकेटही ‘लाँच’ होते. रॉकेटसाठी आपण ‘प्रक्षेपण’ म्हणतो, त्यातही ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे हाच धातू आहे. चांद्रयान-३ चे १४ जुलै २०२३ रोजी झाले ते प्रक्षेपण. जहाजाच्या बाबतीत मात्र मराठीने वेगळ्या बाजूने पाहिले. आपण ‘जलावतरण’ म्हणतो, म्हणजे पाण्यात उतरणे, जसे गंगेचे अवतरण. इंग्रजी शब्दाने ढकलणाऱ्याकडे पाहिले आणि मराठी शब्दाने उतरणाऱ्याकडे. दोन्ही शब्द एकाच क्षणाचे आहेत आणि दोन्ही अचूक आहेत.

तो क्षण कसा असतो हे आपल्या भागातल्या माणसाला पाहायला मिळत नाही, म्हणून सांगतो. जुन्या पद्धतीत जहाज पाण्याकडे उतरत जाणाऱ्या एका भक्कम उतारावर बांधत. त्या उताराला ‘स्लिपवे’ म्हणतात. जहाजाचा सांगाडा आणि कवच तयार झाले की उतारावर चरबी आणि साबण माखत, आधाराच्या खुंट्या काढून घेत, आणि जहाज आपल्याच वजनाने, बहुतेक वेळा मागचा भाग पुढे करून, घसरत पाण्यात जाई. ‘टायटॅनिक’ ३१ मे १९११ रोजी बेलफास्ट येथे अशीच उतरली. उतारावर सुमारे २२ टन चरबी, तेल आणि साबण माखले होते आणि पाण्यात जायला तिला ६२ सेकंद लागले. पण त्या दिवशी ‘टायटॅनिक’ पूर्ण झालेली नव्हती. तिची यंत्रे, धुराडी, खोल्या, जिने हे सारे त्यानंतर तरंगत्या अवस्थेत बसवले गेले. या कामाला ‘फिटिंग आउट’ म्हणतात. समुद्रातली चाचणी, म्हणजे ‘सी ट्रायल’, २ एप्रिल १९१२ रोजी झाली आणि पहिला प्रवास, म्हणजे ‘मेडन व्हॉयेज’, १० एप्रिल १९१२ रोजी साउथहॅम्प्टनहून सुरू झाला.

घर बांधणाऱ्याला हे लगेच समजेल. भूमिपूजन वेगळे, स्लॅब पडणे वेगळे आणि वास्तुशांत वेगळी. जहाजाचे भूमिपूजन म्हणजे ‘कील लेइंग’. कील म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. स्लॅब पडण्याच्या जागी ‘लाँच’ येते, कारण तेव्हा बाहेरून आकार दिसतो, पण आत राहण्यासारखे काही नसते. वास्तुशांतीच्या जागी युद्धनौकेचे ‘कमिशनिंग’ येते.

आता विक्रांतच्या तारखा लावून पाहू. कोचीन शिपयार्डमध्ये तिचा कणा २८ फेब्रुवारी २००९ रोजी ठेवला गेला. २९ डिसेंबर २०११ रोजी ती सुक्या गोदीतून पहिल्यांदा पाण्यावर तरंगवून बाहेर काढली गेली. याला ‘फ्लोट आउट’ म्हणतात, आणि तुमच्या पहिल्या पुस्तकाने हेच वर्ष घेतले आहे. रीतसर समारंभाने ‘लाँच’ झाले ते १२ ऑगस्ट २०१३ रोजी, तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या पत्नी एलिझाबेथ अँटनी यांच्या हस्ते. समुद्रातल्या चाचण्या ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाल्या, २८ जुलै २०२२ रोजी गोदीने ती नौदलाच्या स्वाधीन केली, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिचे ‘कमिशनिंग’ झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. विक्रांत सुक्या गोदीत बांधली गेली, त्यामुळे ती कोणत्याही उतारावरून घसरली नाही. गोदीत पाणी सोडले आणि ती जागच्या जागी तरंगली. आज बहुतेक मोठी जहाजे याच रीतीने पाण्यात येतात. ढकलणे संपले, घसरणे संपले, तरी शब्द ‘लाँच’ हाच राहिला.

‘कमिशन’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी रुळलेला आहे. अडत्याची दलाली हा एक आणि चौकशीचा आयोग हा दुसरा. दोन्हींच्या मुळाशी ‘सोपवणे’ आहे. व्यवहार ज्याच्यावर सोपवला त्याचा मोबदला ते कमिशन, आणि काम ज्यांच्यावर सोपवले ते लोक म्हणजेही कमिशन. युद्धनौकेवरही तसेच देशाचे काम सोपवले जाते. त्या दिवशी तिच्यावर नौदलाचा ध्वज चढतो आणि तिच्या नावाआधी ‘आयएनएस’ ही अक्षरे लागतात. तोपर्यंत गोदीच्या कागदपत्रांत ती ‘यार्ड’ आणि एक क्रमांक एवढ्यावरच ओळखली जाते. माझगाव गोदीत बांधलेली ‘विशाखापट्टणम’ ही विनाशिका गोदीच्या लेखी ‘यार्ड १२७०४’ होती. तिचे जलावतरण २० एप्रिल २०१५ रोजी झाले आणि ती नौदलात दाखल झाली २१ नोव्हेंबर २०२१ रोजी. हाच शब्द आपल्याला चंद्रपूर आणि कोराडीच्या वीज केंद्रांच्या बातम्यांत भेटतो. संच बांधून झाला म्हणजे तो कमिशन झाला असे होत नाही. तो तपासून, चालवून, वीज देण्याच्या कामावर रुजू झाला की मग होतो.

लाँच आणि कमिशनिंग यांत किती अंतर पडू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे याच नावाची जुनी विक्रांत. ती २२ सप्टेंबर १९४५ रोजी इंग्लंडमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने पाण्यात उतरली. महायुद्ध संपले, काम थांबले आणि ती अर्धवट अवस्थेत पडून राहिली. भारताने ती विकत घेतली, पूर्ण करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाली. उतरण्यात आणि दाखल होण्यात साडेपंधरा वर्षे गेली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली, त्याला ‘डीकमिशनिंग’ म्हणतात.

व्यापारी जहाजाला कमिशनिंगचा हा सोहळा नसतो. ते मालकाच्या ताब्यात दिले जाते आणि पहिल्या प्रवासाला निघते. स्वतंत्र भारतात पाण्यात उतरलेले पहिले व्यापारी जहाज ‘जलउषा’. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने विशाखापट्टणम येथे उभ्या राहिलेल्या गोदीत ते बांधले गेले आणि पंडित नेहरूंच्या हस्ते १४ मार्च १९४८ रोजी त्याचे जलावतरण झाले. परीक्षेत हा प्रश्न आला तर क्रियापद नीट वाचा. ‘जलावतरण’ विचारले की लाँचची तारीख आणि ‘नौदलात दाखल’ विचारले की कमिशनिंगची तारीख लिहा. काही मराठी बातम्यांत दाखल होण्याच्या सोहळ्यालाच ‘जलावतरण’ म्हटलेले असते. तुमच्या तिसऱ्या पुस्तकातले २०२२ हे वर्ष तिथूनच आलेले दिसते.

जाता जाता एक खुलासा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी ‘लाँच’, जिच्यात बसून आपली माणसे मुंबईच्या सहलीत समुद्र पहिल्यांदा अनुभवतात, ती या कुळातली नव्हे. तो शब्द मलाय भाषेतून पोर्तुगीजमध्ये आणि तेथून इंग्रजीत आला. दोघांचे रूप एक, पण घराणी वेगळी आहेत.

प्रश्न : मूर्तिजापूर तालुक्यातील (जि. अकोला) एक शेतकरी

कृषी विद्यापीठ वाण ‘रिलीज’ करते, कंपनी बियाणे ‘लाँच’ करते, आणि कृषी विभागाचे कर्मचारी वाण ‘नोटिफाय’ झाले का ते विचारतात. तिन्हींचा अर्थ एकच की वेगळा?

उत्तर

वेगळा आहे, आणि बियाण्याची पिशवी विकत घेणाऱ्याने तो फरक ओळखून असणे फार गरजेचे आहे.

विद्यापीठ एखादे वाण वर्षानुवर्षे आपल्या आणि इतर ठिकाणच्या प्रक्षेत्रांवर पेरून पाहते, आणि ते पुरेसे चांगले ठरले की शिफारशीसह शेतकऱ्यांसाठी मोकळे करते. धरून ठेवलेले सोडणे हा ‘रिलीज’चा अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो. मराठीत यासाठी ‘वाण प्रसारित झाले’ असे म्हणतात आणि तो शब्द मला इंग्रजीपेक्षा सरस वाटतो, कारण त्यात सोडणेही आहे आणि पसरणेही आहे. आपल्या भागात ज्याला नुसते ‘३३५’ म्हणतात ते जेएस ३३५ हे सोयाबीन जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे. ते १९९४ मध्ये प्रसारित झाले आणि पुढे विदर्भाच्या शिवाराशिवारांत पसरले.

‘नोटिफाय’ म्हणजे अधिसूचित करणे. हे काम सरकारचे आहे आणि ते बियाणे कायदा, १९६६ खाली राजपत्रात प्रसिद्ध होते. वाण अधिसूचित झाले की त्याचे बियाणे प्रमाणित करता येते आणि ठरलेल्या उगवणशक्तीचे, शुद्धतेचे बंधन त्याला लागू होते. ‘लाँच’ हा यांपैकी कोणताच अर्थ देत नाही. कंपनीने ते नाव, ती पिशवी आणि ती किंमत घेऊन बाजारात पाऊल ठेवले, एवढेच तो शब्द सांगतो. म्हणून मेळाव्यात ‘नवीन वाण लाँच’ असा फलक दिसला, तर त्याखाली उभ्या असलेल्या माणसाला वाण कधी प्रसारित झाले आणि अधिसूचित आहे का, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

याच पत्रात तुम्ही ओझरता ‘रोल आउट’ही विचारला आहे. तो शब्द चाकांवरचा आहे. नवे विमान कारखान्याच्या छपराखालून चाकांवर ढकलत पहिल्यांदा बाहेर आणतात, ते ‘रोल आउट’. आपले ‘तेजस’ हे लढाऊ विमान १७ नोव्हेंबर १९९५ रोजी असे बाहेर आले, पण आकाशात झेपावले ते ४ जानेवारी २००१ रोजी. सरकारी योजनांच्या बाबतीत हा शब्द टप्प्याटप्प्याने लागू करणे या अर्थी येतो. करोनाची लस १६ जानेवारी २०२१ पासून आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना मिळू लागली, तो ‘रोल आउट’.

प्रश्न : पवनी तालुक्यातील (जि. भंडारा) एका मासेमाराची पत्नी

माझी मुलगी नववीत आहे. इंग्रजीच्या निबंधात तिने लिहिले की माझे वडील रोज पहाटे आपली नाव ‘लाँच’ करतात. शाळेत ते वाक्य लाल शाईने खोडले आणि सांगितले की ‘लाँच’ फक्त मोठ्या जहाजाचे होते, तेही आयुष्यात एकदाच. त्याच निबंधात तिने नावेला ‘शी’ म्हटले होते, तेही खोडले. मुलीने दोन दिवस वही उघडली नाही. तिचे चुकले का?

उत्तर

मुलीचे वाक्य बरोबर आहे, आणि मला ते वाचून फार आनंद झाला.

समारंभाचे ‘लाँच’ जहाजाच्या आयुष्यात एकदाच होते, हे खरे. पण ‘लाँच’ या क्रियापदाचा साधा आणि जुना अर्थ नाव पाण्यात लोटणे हाच आहे, आणि काठावर ओढून ठेवलेली नाव जितक्या वेळा पाण्यात जाईल तितक्या वेळा ती ‘लाँच’ होते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी ज्या जीवरक्षक नौका ठेवलेल्या असतात, त्या हाक आली की पाण्यात लोटतात, आणि अशा प्रत्येक वेळेला तेथे ‘लाँच’ म्हणूनच नोंद होते. तुमचे यजमान पहाटे वैनगंगेच्या काठावर डोंग्याच्या कडेला खांदा लावतात, पाय चिखलात रोवून तो पुढे लोटतात आणि तळ पाण्याला लागून हलका झाला की उडी मारून आत बसतात. इंग्रजीत या कामासाठी याहून नेमका शब्द नाही. किंबहुना ज्या मोठ्या जहाजांसाठी शाळेत हा शब्द राखून ठेवला, ती आता गोदीत पाणी सोडून तरंगवली जातात. लोटण्याचा मूळ अर्थ तुमच्या काठावर अजून जसाच्या तसा आहे.

‘शी’बद्दलही मुलगी चुकलेली नाही. इंग्रजीत जहाजाला आणि नावेला स्त्रीलिंगी सर्वनाम वापरण्याची जुनी परंपरा आहे. आज अनेक वर्तमानपत्रे ‘इट’ लिहितात आणि परीक्षेत तेही चालते, पण ‘शी’ ही चूक ठरत नाही. जहाजाला पाण्यात उतरवताना नाव देण्याच्या विधीला इंग्रजीत ‘ख्रिसनिंग’ म्हणतात. मूळ शब्द लेकराच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे आपल्या बारशासारखाच. समोरच्या टोकावर मद्याची बाटली फोडून म्हणायचे वाक्य ठरलेले आहे, त्याचा आशय असा : ‘मी या जहाजाला हे नाव देते, देव तिचे आणि तिच्यातून जाणाऱ्या सर्वांचे रक्षण करो.’ त्या इंग्रजी वाक्यातही जहाज ‘ती’च आहे. आपल्या नौदलात या जागी नारळ फोडतात, आणि जलावतरण बहुधा एखाद्या महिलेच्या हस्ते होते. तुमच्या घरी नव्या डोंग्याच्या नाकाला हळदकुंकू लावून नारळ वाढवला असेल, तर त्यासाठी मुलीने ‘ख्रिसनिंग’ न लिहिता सरळ ‘पूजा’ लिहावे. इंग्रजी वाचणाऱ्यालाही तो शब्द समजतो.

‘डोंगा’ हा शब्दही तिने निबंधात तसाच ठेवावा आणि पुढे अर्धी ओळ त्याचे वर्णन करावे. ‘बोट’ म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यंत्राची नाव येते, आणि तिच्या वडिलांच्या हातात तर वल्हे आहे.

सुधारणा करायचीच असेल तर ती एकच. रोजच्या कामासाठी साधा वर्तमानकाळ येतो, म्हणून ‘इज लाँचिंग’ असे कुठे झाले असेल तर तेथे ‘लाँचेस’ करावे. तुम्ही पत्रात उतरवून पाठवलेल्या वाक्यात ते आधीच बरोबर आहे : ‘माय फादर लाँचेस हिज डोंगा एव्हरी मॉर्निंग बिफोर सनराइज, अँड शी गोज क्वाएटली.’ हे पान शाळेत दाखवायला हरकत नाही, आणि वहीत ते वाक्य तिने पुन्हा, जसेच्या तसे लिहावे.